डाव्या खांद्याला लावलेला बाम

"तुमचा धावनारा मानूस पडलाय नदीकडं, चला लवकर," असं रिक्षावाला रोह्याच्या लॉजच्या दारातूनच म्हणाला, तेव्हा माझ्या हातात चहा होता आणि सदानंदचा कप मी बशीने झाकून ठेवला होता. मला वाटलं, ठेच लागली असेल. मी चप्पल शोधत बसलो. दोन महिने होत आले, पण चप्पल शोधण्यात घालवलेली ती मिनिटं डोक्यातून जात नाहीत. दवाखान्यात डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा त्याच्या बुटांच्या नाड्या अजून बांधलेल्याच होत्या. बावन्न वर्षांचा, रोज धावणारा माणूस... आणि त्याचा मोबाइल, घड्याळ, अंगठी माझ्या खिशात. धावायला जाताना हे सगळं तो माझ्याकडे देऊन जायचा.

आम्ही दोघं वजनकाटे दुरुस्त करणारे, ज्यांच्यावर भरलेला ट्रक उभा राहतो ते मोठे काटे. वीस वर्षं एकत्र फिरलो. पुण्याहून निघायचं, पेणला मुक्काम, नागोठण्याला एखादं काम, मग रोह्याच्या कंपन्या. काटा बरोबर दाखवतो का हे बघायला वीस-वीस किलोची लोखंडी वजनं चारी कोपऱ्यांवर फिरवावी लागतात. संध्याकाळी मी पलंगावर आडवा व्हायचो आणि हा बूट चढवायचा. "दिवसभर ओझी उचलून हौस फिटली नाही का रे तुझी?" असं मी विचारलं की म्हणायचा, "ते कंपनीचं. हे माझं."

पेणला तो रामवाडीच्या लॉजवरून खाडीच्या बांधापर्यंत जायचा. तिथे मिठागरात राबून आयुष्य काढलेली एक आजी बसलेली असे. पहिल्यांदा याला धावताना पाहून तिने हाक मारली होती, "कोन पाठी लागलाय रं तुज्या?" हा थांबून म्हणाला, "पोट." पुढच्या खेपेला तिने ओळखलं आणि विचारलं, "आजून नाय सोडली व्हय पाठ पोटानं?" तेव्हापासून पेणच्या मुक्कामात तिला भेटल्याशिवाय तो परतत नसे. मला हे सांगताना दर वेळी तेवढाच हसायचा. मी मात्र त्याच्याबरोबर एकदाही बांधावर गेलो नाही. आळस, दुसरं काय.

त्या दिवशी रोह्यात काटा काही केल्या जुळेना. तीन वेळा सगळी वजनं फिरवली. लॉजवर आल्यावर सदानंद म्हणाला, "डावा खांदा भरून आलाय, हातात कळ उतरतेय." आमच्या धंद्यात खांदा कुणाचा दुखत नाही? मी बॅगेतून बामची डबी काढली, चांगला बोटभर चोळला आणि वर थट्टा केली, "म्हातारा झालास. उद्या वजनं मी उचलतो, तू नुसते आकडे लिही." दुसऱ्या कुणाला डावा हात दुखल्यावर छातीची शंका आली असती. आम्हाला वजनं आठवली. त्याने बामावरच टी-शर्ट चढवला आणि म्हणाला, "धावलो की मोकळं होईल." मी म्हणालो, "जा, मी चहा सांगून ठेवतो."

तेराव्याला गेलो, तेव्हा वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावून विचारलं, "भाऊजी, त्या दिवशी त्यांना काही दुखत होतं का?" मी म्हणालो, "नाही." इतक्या पटकन म्हणालो, की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. वीस वर्षांचा मित्र गेला, आणि त्याच्या बायकोशी मी पहिल्यांदा खोटं बोललो ते असं.

गेल्या आठवड्यात पुन्हा रोह्याला जावं लागलं. लॉज तोच. लॉजवाल्याने सवयीने दोन चहा पाठवले आणि नंतर स्वतः वर येऊन म्हणाला, "चुकलो सायब, ध्यानात नाय ऱ्हायलं." मी दुसरा कप बशीने झाकून ठेवला. बॅगेत हात घातला तर बामची डबी हाताला लागली. झाकण अर्धवट फिरवलेलं, मीच तसं ठेवलेलं. मग मला राहवेना. वहिनींना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं... खांदा, कळ, बाम, माझं ते 'जा'.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला ठाऊक होतं, भाऊजी. दवाखान्यातून टी-शर्ट दिला ना, त्याला बामाचा वास होता. तुम्ही कधी सांगता, याची वाट बघत होते."

मी विचारलं, टी-शर्ट कुठे आहे.

"कपाटात," त्या म्हणाल्या. "अजून धुतलेला नाही."