निळ्या झाकणातलं तीर्थ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती अधूनमधून विचारते, दत्ता हल्ली घरी का येत नाही – मी म्हणतो, कामात असेल. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट माहीत नाही. तुम्ही दत्ताला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी अवजड मशीन विकणाऱ्या एका डीलरकडे सर्व्हिस इंजिनिअर आहे. नव्या डिझेल मशीनच्या सायलेन्सरमध्ये सेन्सर असतात. धुरात विष किती चाललंय ते मोजायचं, हे त्यांचं काम. मोजमाप बिघडलं की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, आणि तरीही कुणी ऐकलं नाही तर मशीन स्वतःच ताकद सोडतं. कालपर्यंत दरड उचलणारा लोडर रिकाम्या बकेटनिशी चढ चढेनासा होतो. मग मला फोन येतो. पहिलं वाक्य ठरलेलं – "सेन्सर गेलाय, नवा घिऊन या." वाईट बातमी आणणाऱ्यालाच बदलायची आपल्याकडे जुनी रीत आहे, तिथं सेन्सरची काय कथा? पण बहुतेक वेळा सेन्सर खरंच बोलत असतो. हे मी इतक्या मालकांना इतक्या तोऱ्यात ऐकवलंय की खरं बोलणं हा जणू माझाच गुण आहे, असं मला वाटायला लागलं होतं.

दत्ता आणि मी पेठ वडगावकडचे, एकाच गावचे. आयटीआयला एका बाकावर होतो. मी पुढं डिप्लोमा केला, तो ऑपरेटर झाला. चारचौघांत तो मला 'सर' म्हणायचा आणि दोघंच असलो की 'लेका'. "लेका, तुझ्या लॅपटॉपला इचार की, माझ्या मशीनला भूक लागलीया का तहान." हे 'लेका' त्यानं कधी लोकांसमोर सांडलं नाही. माझी अब्रू त्यानं इतक्या बारकाईनं सांभाळली होती – हे माझ्या लक्षात कधी आलं, ते पुढं येईलच.

आबासाहेब हे रस्त्यांची कामं घेणारं आमचं मोठं गिऱ्हाईक. त्यांनी नवा लोडर घेतला आणि त्यावर दत्ताला नेमलं. कोल्हापुरात मशीन नुसतं येत नाही, त्याचं लग्न लागतं. मांडव होता, हलगी होती, वर ड्रोन फिरत होता. फ्लेक्सवर आबासाहेब लोडरपेक्षा मोठे होते. मलाही फेटा बांधला. असल्या थाटाला मी एरवी मनसोक्त हसतो, पण डोक्याला फेटा असला की हसणं अवघड जातं.

पूजा झाली. लिंबं चिरडली, नारळ फुटला. आबासाहेबांनी नरसोबाच्या वाडीहून तांब्या भरून तीर्थ आणलं होतं. भटजींनी ते बकेटवर शिंपडलं. कॅमेरा आपल्यावरच आहे हे बघून आबासाहेब म्हणाले, "मशीनलाबी पाजू की वाईच." आणि त्यांनी टाकीचं निळं झाकण उघडलं.

निळं म्हणजे पाणी, असं कुणालाही वाटेल. पण ती युरियाची टाकी. शेतातला युरिया नाही – धूर स्वच्छ करायला लागणारं वेगळं, मोजून बनवलेलं द्रावण. नव्या मशीनमध्ये ते तळालाच असतं. त्यात तांब्याभर तीर्थ गेलं, वरून हळदकुंकू आणि अक्षता. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दत्ता एक पाऊल पुढं आला होता, मग माझ्याजवळ येऊन थांबला. का थांबला, ते सांगतो. जरा वेळ द्या.

आठवडा उलटला नसेल, चंदगडच्या घाटातून फोन आला. पाऊस नुसता ओतत होता. लोडर रस्त्यात आडवा, मागं डंपरची रांग. आबासाहेब स्वतः आले होते, पांढऱ्या गाडीतून, पांढऱ्या कपड्यांत, छत्री धरायला एक माणूस घेऊन. मी लॅपटॉप लावला. सेन्सर ठणठणीत होता. टाकीतला थेंब काचेवर घेऊन तपासला – द्रावण पातळ झालेलं. मग टाकीच्या तोंडातली जाळी बाहेर काढली.

जाळीत तांदळाचे दाणे होते. फुगलेले, कुंकवानं गुलाबी झालेले.

"कशानं झालं हे?" आबासाहेबांनी विचारलं.

"युरियात पाणी गेलंय," मी म्हणालो. यात खोटं काय होतं? एक अक्षरही नाही.

आबासाहेब माझ्याकडं बघतच नव्हते. ते दत्ताकडं वळले. "इकलास व्हय रं युरिया? आन् वर पाणी भरून ठेवलंस? माझ्या नव्या मशीनला?"

डंपरवाले गोळा झाले होते. आमच्या धंद्यात ऑपरेटरला शिव्या चालतात, दारूही चालते. पण 'पाणी भरणारा' असं एकदा नाव पडलं की त्याच्या हातात कुणी किल्ली देत नाही. हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं. दत्तानं माझ्याकडं बघितलं. गयावया नव्हती त्या नजरेत. बसथांब्यावर उभा माणूस वळणाकडं बघतो, तसं बघितलं – येणार हे ठरलेलंच आहे, कधी येते एवढंच बघायचं.

मी जाळी उलटी केली आणि फुंकर मारली. दाणे चिखलात पडले. मग मी त्यावर पाय ठेवला.

आता ते राहिलेलं. पूजेच्या वेळी दत्ता माझ्या कानाशी येऊन म्हणाला होता, "सर, थांबवा त्यास्नी. युरियाची टाकी हाय ती." आणि मी त्याचं मनगट दाबून म्हणालो होतो, "गप. भर मांडवात मालकाची फजिती नको. जेवणं झाली की टाकी मी रिकामी करून धुतो." तो गप्प बसला. माझ्या शब्दावर बसला.

जेवणं झाली. पांढरा रस्सा मी दोनदा मागून घेतला. टाकी धुवायचं विसरलो – असं सांगणार होतो. विसरलो नव्हतो. अंगावर नवा शर्ट होता, आणि म्हटलं तांब्याभर पाण्यानं काय होतंय, सेन्सरच्या लक्षातही येणार नाही. जन्मभर सेन्सर खरं बोलतो म्हणून लोकांना शिकवणारा मी, त्या दिवशी त्यानं गप्प बसावं म्हणून आशा धरून होतो. तो बसला नाही.

आणि दत्ता बसला. घाटात एका वाक्यात तो मला उघडा पाडू शकला असता – "सरांनीच गप केलं मला." नाही म्हणाला. ते मी म्हणायचं होतं, असं त्याला वाटलं असणार.

आबासाहेबांनी त्याच्या हातून किल्ली तिथंच काढून घेतली. मी टाकी धुतली, नवं द्रावण भरलं, लोडर चालू झाला. आबासाहेबांनी पाठ थोपटली. पूजेचा व्हिडिओ त्यांच्या पेजवर अजून आहे – निळं झाकण, तांब्या, मागं फेट्यात टाळ्या वाजवणारा मी. गावानं बघितला, लाइक केला. कुणाला काही दिसलं नाही. पुढं आबासाहेबांनी मशीनच्या देखभालीचं सगळं काम दुसऱ्याला दिलं, तेव्हा मी ऑफिसात तावातावानं म्हणालो, "विश्वासघात आहे हा." बोललो, आणि खुर्चीत बसून राहिलो.

दत्ता आता दुधाचा टेंपो चालवतो, असं ऐकतो. लोडरच्या दातांनी भुईवरची काडेपेटी उचलून दाखवणारा माणूस.

घाटातल्या त्या दिवशी तो पिशवी घेऊन पावसात एसटीच्या थांब्याकडं निघाला होता. मी गाडी त्याच्याशेजारी नेली, काच खाली केली. म्हटलं, "दत्ता, बस. वडगावपर्यंत सोडतो."

तो थांबला. तोंडावरचं पाणी पुसलं.

"नको, सर," म्हणाला. "यष्टी यील."

रस्त्यावर आम्ही दोघंच होतो.