मिलिंदचं छोटं जहाज

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी युट्रेख्ट स्टेशनवर सायकल लावत होतो. त्याची बायको, सुनंदावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मिलिंद गेला..." आणि जरा थांबून, "त्याच्या भाषणाचं काय करायचं?" मला तिथेच रडू फुटलं.

दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा हा माणूस सुट्टीत एका ब्रिटिश युद्धनौकेच्या मागे लागला होता. युद्धनौका कसली, मुळात मासेमारीचीच बोट. महायुद्धात तिच्यावर एक तोफ बसवली आणि तिला समुद्रातले सुरुंग काढायला जुंपलं. आधी इंग्लंडच्या किनाऱ्यावर, शेवटी इकडे हॉलंडमध्ये, झीलंडच्या खाडीत. मोठ्या जहाजांवर जाडजूड पुस्तकं निघतात आणि हिचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही, याचा त्याला मनापासून राग यायचा. आम्ही त्याला 'ॲडमिरल' म्हणून चिडवायचो. शेवटी खाडीकाठच्या एका लहानशा संग्रहालयाने त्याला बोलायला बोलावलं, आणि नेमकं तेव्हाच आजाराने गाठलं. हॉस्पिटलमध्येही त्याला एकच घोर होता, की हे सगळं आपल्याबरोबरच जाणार.

"मी बोलते," वहिनी म्हणाल्या. "इतकी वर्षं तेच तर कानावर पडतंय."

"पण डचमध्ये?"

"मग काय मराठीत? चुकले तर हसतील. हसू देत."

हॉलमध्ये बहुतेक म्हातारी मंडळी होती. वहिनी अडखळत बोलत होत्या, पण थांबल्या नाहीत. काही सुरुंग असे होते, त्यांनी सांगितलं, की पहिली काही जहाजं वरून बिनबोभाट जाऊ द्यायचे आणि पुढचं आलं की फुटायचे. म्हणून साफ झालेल्या पाण्यातही ही बोट पुन्हा पुन्हा जायची. तिच्या मागोमाग जहाजं आली, आणि युद्ध संपल्यावर मासेमारही.

मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. "माझे वडील याच पाण्यातून मासे घेऊन घरी यायचे," ते म्हणाले. "बाई, त्या बोटीचं नाव परत सांगा."

"मार्श विलो."

आजोबांनी ते हळूच स्वतःशी म्हणून पाहिलं. मला मिलिंदची इतकी आठवण आली, की काय सांगू...

संग्रहालयाने वहिनींना पुन्हा बोलावलंय. परवा घरी गेलो, तर त्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता डचमध्ये बोलत होत्या. मला बघून लाटण्यानेच खुर्ची दाखवली.

"बसा. तो मला इथेच बसवायचा. आता तुम्ही ऐका."