एकाच खणाच्या दोन चंच्या

बंदूकवाला माणूस दिसला की लोक आधी त्याच्या बंदुकीकडं बघतात. भैरू तर बघण्याजोगाच गडी होता. पलटणीतून आणलेल्या मिशा, इस्त्रीचा शर्ट आणि उजव्या कमरेला स्वतःच्या लायसनचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर. दौंड भागातले पुढारी हौसराव दूध संघाच्या सभेला यायचे तेव्हा आधी दारात त्यांचा गार्ड भैरू दिसायचा, मग हौसराव. वगात राजाच्या आधी चोपदार यावा, तशी ती एन्ट्री असायची.

पण कमरेच्या डाव्या बाजूकडं कुणी बघत नसे, आणि भैरूचा खरा घोर तिथंच होता. रिव्हॉल्व्हरात सहाच काडतुसं बसतात. ती संपली तर पुढची सहा कुठून काढायची, आणि तीही न बघता?

त्यानं सगळं करून पाहिलं होतं. पॅन्टच्या खिशात ठेवली, तर ती किल्ल्यांशी भांडायची आणि बैठकीत गादीवर मांडी घातली की मांडीत रुतायची. बाजारपेठेतून घरं शिवलेला चामडी पट्टा आणला. तो दिसायला झोकदार होता, पण उन्हाळ्याच्या घामानं पितळेवर हिरवट काट चढला आणि वर्षाच्या आत घरं सैल पडली. एकदा तर हौसरावांच्या अंगणात एक काडतूस गळून पडलं आणि त्याला कोंबडीनं टोच मारली. मग प्लॅस्टिकची डबी झाली. ती चालताना वाजायची.

"भैरू, तू गार्ड हायस का नंदीबैलवाला?" हौसरावांनी चारचौघांत विचारलं. माणसं हसली. भैरूही हसला, पण घरी आल्यावर जेवायला बसेना.

सगुणाबाईनं, त्याच्या बायकोनं, ताट पुढं सरकवलं. "अवो, बाईमाणसाला सुपारी, कात, लवंग, चुन्याची डबी एका जागी ठेवता येती. आन् पलटणीत राहून तुमास्नी सहा गोळ्या ठेवता येईनात व्हय?"

"ती काय सुपारी हाय?"

"मग काय बालुशाही हाय? हितं द्या एक, मापाला."

तिच्याजवळ हिरव्या खणाचा एक तुकडा होता, तांबड्या काठाचा. त्यातून तिनं स्वतःची पानसुपारीची चंची शिवली होती. उरलेल्या कापडातून भैरूची शिवली. सहा कप्पे, प्रत्येकात एक काडतूस, टोक खाली आणि बूड वर. सुती कापड घाम पिऊन टाकी, पितळेला काट चढत नसे, आणि आवाज म्हणाल तर मांजराच्या पावलाइतकाही नाही. दोरीची एक गाठ ओढली की चंची तळहातावर उलगडे. भैरू डोळे मिटून बोटांनी कप्पे चाचपायचा, पहिला, दुसरा, तिसरा, आणि सगुणा दारात उभी राहून म्हणायची, "बघा, आमचा भैरोबा पान जमवाय लागला!"

पुण्याहून आलेल्या एका गार्डाजवळ गोल चकती होती. ती टेकवली की सहाच्या सहा काडतुसं रिव्हॉल्व्हरात एकदम बसत. त्यानं भैरूची चंची पाहून नाक मुरडलं. भैरूला त्याचं काही वाटलं नाही. घरी एकाच भिंतीवर दोन खुंट्या होत्या, दोन्हींवर हिरवी चंची लटके. डावीकडची तिची, उजवीकडची त्याची. रात्री त्याची पेटीत जाई, रिव्हॉल्व्हरासोबत कुलपात. सकाळी निघण्याआधी घटकाभर खुंटीवर.

त्याच घटकाभरात सगुणा गेली. चुलीपुढं बसली होती, छातीला हात लावला आणि कलंडली. दौंडला नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

भैरूला रडू आलं नाही. बर्फावरच्या नेमणुकीत बोटं बधिर व्हायची. हात हाताला लागायचा, पण कुणाचा कुणाला ते कळायचं नाही. तसं आता सगळ्या अंगाचं झालं होतं. माणसं आली. कवठे येमाईहून सगुणाची आई, रतनबाई आली. भैरूच्या भावजयीनं, नकुशीनं, सगुणाला न्हाऊ घातलं, मळवट भरला, आणि शेवटी म्हणाली, "बाईला पानाबिगर करमायचं न्हाई. तिची चंची तिच्यासंगं जाऊ द्या." भैरू ओसरीत बसला होता. त्यानं ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावर पडलं.

भीमेकाठी चिता पेटली. बायाही आल्या होत्या, थोड्या अंतरावर बसल्या. सगळे थांबले होते ते एका आवाजासाठी. कवटी फुटली की जीव सुटला असं मानतात, तोवर मागं फिरत नाहीत.

आवाज फार लवकर झाला. खणखणीत झाला.

"सुटली!" रतनबाईनं हात जोडले. "माझी बाय सुटली गं!"

भैरूच्या मानेवरचा केस न् केस उभा राहिला. बाकी अंग झोपलं होतं, पण कान पलटणीतले होते. काडतूस आगीत फुटल्याचा आवाज त्याला दुसऱ्या कशाचाही वाटणं शक्य नव्हतं. तो उठला, दोन्ही हात पसरून माणसांपुढं उभा राहिला. "मागं सरा. झळ लागंल. सरा मागं." माणसं सरली. मग आणखी आवाज झाले, एकामागून एक.

"बाभळीच्या गाठी हायत," कुणीतरी म्हणालं.

"व्हय," भैरू म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं खुंटीवर उरलेली चंची उतरवली. आत सुपारी, कात, लवंगा, चुन्याची डबी. त्यानं ती परत टांगली आणि भिंतीला टेकून बसला.

दुसऱ्या दिवशी हौसरावांचा फोन आला. आधी ते सगुणाबद्दल चार शब्द बोलले, आणि मनापासून बोलले. मग म्हणाले, "भैरू, वेळ वंगाळ हाय, पर सांगायला पायजे. झेडपीची निवडणूक लागली. उद्यापतूर हत्यार ठाण्यात जमा करायचंय. गोळ्या मोजून ने बाबा, गेल्या येळंला एकाची एक कमी भरली तर लायसनच गेलं."

"व्हय, आबा."

लायसन गेलं की रिव्हॉल्व्हर गेलं, आणि रिव्हॉल्व्हर गेलं की हौसरावांच्या मागची जागा गेली. भैरूला दुसरं काही येत नव्हतं. शेत म्हणावं तर भावांत वाटून टीचभर. हे सगळं त्याला कळत होतं, दुसऱ्याच्या घरातली गोष्ट कळावी तसं.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेले. राखेवर पाणी शिंपडलं, दूध शिंपडलं. भैरू वाकून अस्थी वेचू लागला आणि राखेत पिवळं काहीतरी दिसलं. काडतुसाची पुंगळी होती, कडेनं फाटलेली, काळवंडलेली. पलीकडं आणखी एक. बोटं आपोआप चालू लागली. थोड्या वेळानं सहाही त्याच्या मुठीत होत्या.

ह्या ठाण्यात नेल्या की काम झालं. हवालदार संपत ओळखीचा होता. काडतुसं जळाली, ह्या घ्या पुंगळ्या, असं म्हटलं असतं तर साहेबांनी पंचनामा केला असता, नकुशीला चार प्रश्न विचारले असते, आणि लायसन वाचलं असतं. हौसरावांनी शब्दही टाकला असता.

"जावईबापू," शेजारी उकिडवी बसलेली रतनबाई म्हणाली, "हिचा बा गेला तवा दिवस बुडाला तरी आवाज न्हाई. शेवटी माणसांनी बांबू घातला वो डोस्क्यात. म्या बघितलं. अजून झोपंत दिसतंय." तिनं पदरानं नाक पुसलं. "पोरीनं ताटकळत न्हाई ठेवलं मला. पुण्यवान हुती. तेवढ्यावरच म्या उभी हाय बघा."

भैरूनं तिच्याकडं पाहिलं.

"काय घावलं वो मुठीत?"

"काय न्हाई, मामी. हाडं हायती बारीक."

त्यानं मूठ मडक्यात उघडली. आवाज होऊ नये म्हणून हात तळापर्यंत नेला. मग वरून अस्थी, वरून राख, वरून हळदकुंकू. गुडघाभर पाण्यात जाऊन त्यानं मडकं भीमेत उपडं केलं. पाणी क्षणभर गढूळ झालं आणि पुन्हा होतं तसं झालं.

दुपारी ठाण्यात संपतनं रिव्हॉल्व्हर पुसून ठेवलं, आतली सहा काडतुसं टेबलावर उभी केली आणि वर पाहिलं. "बाकीच्या?"

"नदीत गेल्या."

"कशा गेल्या?"

"चंचीसकट."

"चंचीत ठेवत हुतास? पलटणीतला गडी तू, आन् गोळ्या चंचीत?" संपत हसला, मग त्याच्या तोंडाकडं बघून हसू आवरलं. "भैरू, कायतरी चांगलं सांग. असं लिवलं तर साहेब अहवाल धाडत्याल. हत्यार परत मिळायचं न्हाई."

"जे झालं ते लिवा."

"अरं, साक्षीला कोण हुतं का?"

भैरूनं टेबलावरची काडतुसं संपतकडं सरकवली. "न्हाई," तो म्हणाला.

संध्याकाळी हौसरावांना कळलं. त्यांनी शिव्या घातल्या, मग म्हणाले, "तेरावं होऊ दे. दूध संघाच्या गेटवर बघू कायतरी. काठी घेऊन उभा राहशील का?" भैरू व्हय म्हणाला. काठीला जोडीचं काही लागत नाही, एवढंच त्याच्या मनात आलं.

घरात दिवा होता. कंबर दोन्ही बाजूंनी मोकळी होती, चालताना तोल जाईल की काय असं वाटत होतं. त्यानं खुंटीवरची सगुणाची चंची काढली आणि सवयीनं डाव्या बाजूला बांधली. ती हलकी होती.

ओसरीत रतनबाई आल्यागेल्याला सांगत बसली होती, तेच ते, पोर कशी चटदिशी सुटली. भैरूला बघून म्हणाली, "सुपारी असंल तर द्या वो. तोंड कडू झालंय."

भैरू तिच्याजवळ बसला. दोरीची गाठ ओढली, चंची तळहातावर उलगडली. अंधारात त्याची बोटं न बघता फिरली. पहिला कप्पा, लवंग. दुसरा, कात. तिसऱ्यात सुपारी होती. ती त्यानं काढली आणि म्हातारीच्या हातावर ठेवली.