कंप्युटर मास्तरांचा कौल

आमच्या कंप्युटर मास्तरांना कंप्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तरी सबंध डिचोलीत त्यांच्याइतकं ठाम बोलणारा माणूस नव्हता. गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता. बाजारातल्या एका माडीवर त्यांनी क्लास काढला, यंत्राला झेंडूचा हार घातला आणि चपला बाहेर काढायचा नियम केला.

"मशिनीक काळीज ना, म्हणान ती खोटां उलयना," काळीज नाही म्हणून यंत्र खोटं बोलत नाही, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. 'यंत्र विचार करू शकतं का?' हा प्रश्न ते वहीत उतरवून घ्यायला लावत, आणि खाली उत्तर: 'होय.' का, असं विचारणाऱ्याला बाकावर उभं करत. स्वतः विचार करण्याची तसदी त्यांनी जन्मात कधी घेतली नव्हती.

एक प्रोग्राम त्यांनी कुठूनसा आणला होता. प्रश्न टाइप केला की पडद्यावर 'येस' किंवा 'नो' यायचं. आम्ही देवाला कौल लावणारे लोक. मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. माणसं रांग लावून आली. आमच्या गावाहून, आमोण्याहून, माझे बाबाही थोरल्या ताईला घेऊन आले. ताईला पणजीत नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पण तिला पाठवायला बाबांचं मन घेत नव्हतं. लाडका विद्यार्थी म्हणून प्रश्न मीच टाइप केला. 'नो' आलं. मास्तरांनी माझी पाठ थोपटली. "बघ बाय," ते ताईला म्हणाले, "हांव सांगना, मशीन सांगता." ताई घरी राहिली. पुढच्या मे महिन्यात तिचं लग्न लावून दिलं.

पुढे मी तोच विषय शिकलो तेव्हा कळलं. तो प्रोग्राम प्रश्न वाचतच नव्हता. नाणं उडवावं तसं काहीतरी एक उत्तर द्यायचा. संतापून मास्तरांकडे गेलो. म्हातारे झाले होते, ऐट तीच. "हांवें खंय बळजबरी केली?" म्हणाले, "तुमीच मानून घेतलां." वर चहा पाजला. मी तो प्यायलो. मला शिसारी आली, तरी की-बोर्डवर बोट ठेवायला शिकवलं ते याच माणसाने, हे विसरता येईना.

मास्तर वारले तेव्हा मी ताईकडे बसून त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. ती तांदूळ निवडत होती.

"सोड रे तांका," ती म्हणाली. "मशिनीक हांव कोण तें खबर नासलें. बाबांक आनी तुका खबर आसलें मरे?"

यंत्र विचार करतं का, यावर मी वर्गात तासभर बोलतो. पण ताई कोण हे यंत्राला ठाऊक नव्हतं, बाबांना आणि मला होतं. मी तिच्यापुढचं सूप ओढून घेतलं आणि तांदळातले खडे वेचू लागलो.