हात गरम करावे लागतील

मोजेकाकांना मोजेकाका म्हणायला कोणी सुरुवात केली हे प्रयोगशाळेत आता कुणालाच आठवत नाही, पण नाव असं चिकटलं की हजेरीपटावर त्यांचं खरं नाव दिसलं की नवीन आलेल्या मुली "हे कोण बाई?" म्हणून एकमेकींना विचारत. माणूस पंचावन्नचा, किडकिडीत, बोलायला मोजका. ज्यांना दवाखान्यापर्यंत येणं झेपत नाही अशा लोकांच्या घरी जाऊन त्यांचं रक्त काढायचं आणि बर्फाच्या पेटीत घालून दुपारच्या आत तपासायला आणून द्यायचं, हे त्यांचं काम. सोमवारची फेरी सगळ्यात लांब, एकशे तीस किलोमीटर, मोटरसायकलवर. उन्हाळ्यात त्याचं काही वाटत नसे. हिवाळ्यात मात्र पाठीशी बर्फ, समोर वारा आणि मधे मोजेकाका. "पेटी गार राहिली पाहिजे आणि हात गरम राहिले पाहिजेत, आणि दोघं एकाच गाडीवर. घ्या आता!" असं ते म्हणत.

हात गरम ठेवणं हा त्यांचा ध्यास होता. लोक देवदेव करतात तसे हे हातहात करत. आधी लोकरीचे मोजे, त्यावर प्रयोगशाळेतलेच पातळ रबरी मोजे, म्हणजे लोकरीत वारा शिरत नाही, आणि त्यावर चामड्याचे. हँडलला दोन्ही बाजूंनी रेक्झिनच्या पिशव्या स्वतः शिवून बसवलेल्या, त्यात हात मनगटापर्यंत घालायचे. शर्ट आणि जाकिटाच्या मधे वर्तमानपत्र, कारण छाती गार पडली की बोटं पहिली गार पडतात, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. मूठ घट्ट आवळायची नाही. दर वीस किलोमीटरला उतरायचं आणि दोन्ही हात पंख्यासारखे फिरवायचे. एकदा असे फिरवत असताना एक ट्रकवाला मदतीसाठी थांबला होता. त्याला वाटलं, हा माणूस कुणाला तरी बोलावतोय.

तरी उजव्या हाताचे हाल ते हालच. सरळ रस्ता लागला की डावा हात खाली सोडून घटकाभर इंजिनाच्या उबेला धरता येतो, पण उजव्याच्या ताब्यात वेग, त्याला सुट्टी नाही. आणि सुई धरायची ती नेमकी उजव्यानेच. गार हाताने रक्त काढायला गेलं की माणूस दचकतो, दंड आखडतो, शीर आत पळते. शिवाय आपल्याच बोटांना काही कळत नाही. डोळ्यांना न दिसणारी शीर बोटाखाली लागते, पण त्या बोटात जीव हवा ना!

घरी त्यांचं असं कुणी नव्हतं. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. मुलगी लग्न होऊन लांब, रविवारी फोन करायची. "ठीक ना?" "ठीक. तुम्ही?" "ठीक." की झालं. टायरच्या दुकानावरची एक खोली, खाट, शेगडी, खिळ्याला टांगलेले मोज्यांचे चार जोड. आठवड्याला चाळीसेक माणसांचे दंड त्यांच्या हाताखालून जात, पण त्यांच्या हाताला कुणी हात लावत नसे. लावायचं कारणच काय? ते एकटे होते आणि त्याचा त्यांना मनापासून कंटाळा आला होता, पण हे सांगायला कुणीतरी समोर लागतं.

समोर माणूस असायचा तो फक्त सोमवारी, फेरीतल्या शेवटच्या घरी. तिथे एक निवृत्त बाई राहत. उभा जन्म शाळेत भाषा शिकवण्यात गेलेला, आता वय ऐंशीच्या पुढे, आणि घरात एकट्या. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून दर आठवड्याला तपासणी. दंडातल्या शिरा दोऱ्यासारख्या बारीक, मोजेकाकांशिवाय कुणाला सापडायच्या नाहीत. मोटरसायकलचा आवाज आला की बाई पातेलंभर पाणी तापवून टेबलावर ठेवत. मोजेकाका एरवी मोजून-मापून वागणारे, पण हिवाळ्यात त्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून भिंतीवरच्या घड्याळात बघत पुरी दहा मिनिटं बसत. बाई शब्दकोडं उघडत.

"तीन अक्षरी. 'सोबत' या अर्थी. शेवटी त."

"सोबत."

"अहो, सोबतला सोबत कसं चालेल?"

"संगत?"

"बसलं!" असं म्हणून बाई लिहीत, आणि मोजेकाकांच्या चेहऱ्यावर असं हसू येई की जणू प्रयोगशाळेने त्यांचा सत्कार केलाय. मग मुलीचं, गुडघ्यांचं, गेलेल्या बायकोचं असं इकडचं तिकडचं बोलणं. दहा मिनिटं झाली की टॉवेल, पट्टा, सुई. अख्ख्या आठवड्याची ऊब त्या दहा मिनिटांत मिळायची, आणि ती नुसती हातांना नसायची.

त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली आणि बाईंचा मुलगा आठ दिवसांसाठी आला. सोमवारी दार त्याने उघडलं. आई सर्दीने आतल्या खोलीत झोपलेली. टेबलावर पातेलं नव्हतं. मोजेकाका तीन जोड उतरवत सहज म्हणाले, "आधी हात गरम करावे लागतील. त्याशिवाय काम होत नाही."

मुलगा जागच्या जागी थांबला. "असं? किती?"

"दहा," मोजेकाका म्हणाले. मिनिटांचा हिशेब त्यांना तोंडपाठ.

"दर वेळी?"

"हिवाळ्यात दर वेळी. उन्हाळ्यात काही लागत नाही."

"आणि आई देते?"

"त्या तर न मागता काढून ठेवतात. फार भल्या आहेत हो."

मुलाचा चेहरा तांबडालाल झाला. मोजेकाकांना वाटलं, बिचाऱ्यालाही सर्दी दिसतेय. "आधी काम करा," तो म्हणाला, "मग बघतो." मग मोजेकाकांनी दोन मिनिटं हात काखेत दाबून धरले, झोपाळलेल्या बाईंचं रक्त एका टोचणीत काढलं आणि निघाले. दार पाठीमागे जरा जोरातच लागलं, पण वारा होता.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी बोलावून घेतलं. समोर कागद. "तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. 'तुमचा माणूस आजारी म्हातारीकडे दर खेपेला हात गरम करा म्हणतो, दहाचा दर ठरवलाय, वर माझ्या आईच्या भलेपणाचं कौतुक मलाच ऐकवतो.'"

"अहो, पाण्यात!" मोजेकाका म्हणाले. "पाण्यात गरम करतो मी!"

"म्हणालात की नाही, हात गरम करावे लागतील?"

"म्हणालो. पण हात म्हणजे हे हात!" त्यांनी दोन्ही पंजे पुढे केले. व्यवस्थापकांना हसू आवरेना. माणूस वाईट नव्हता, पण कागद आला की कागदाला उत्तर द्यावं लागतं. चौकशी होईपर्यंत ते घर मोजेकाकांच्या फेरीतून काढलं. "एकच तर घर आहे, तुमचा पाऊण तास वाचेल," ते समजुतीने म्हणाले.

बावीस वर्षांत कुणी बोट दाखवलं नव्हतं, त्या माणसावर लाच खाल्ल्याचा आळ आला, तोही ज्या घरात तो आठवड्यातून एकदा जिवंत व्हायचा त्या घरातून. पुढचे दोन सोमवार मोजेकाका बाईंच्या घराच्या फाट्यापर्यंत जाऊन परत फिरले. आपण पैसे मागितले असं बाईंनाही वाटत असेल का, या विचाराने त्यांना झोप येईना. फोन करावा तर नंबर फक्त प्रयोगशाळेच्या वहीत, आणि वही मागायची लाज वाटत होती.

बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे नवीन आलेली मुलगी पाठवली होती. तिने पाच ठिकाणी टोचलं, दंड काळानिळा झाला, आणि शेवटी तीच रडायला लागली. तेव्हा बाईंनी प्रयोगशाळेत फोन लावला, कारण विचारलं, आणि ऐकून इतक्या हसल्या की पलीकडच्या माणसाला वाटलं, यांना काहीतरी झालं. नंतर मुलाला फोन करून मात्र बाईंनी त्याची चांगली हजेरी घेतली. "मी भाषा शिकवता शिकवता म्हातारी झाले आणि पोटच्या पोराला शब्दाचा सरळ अर्थ कळू नये? त्या माणसाची बोटं निळी पडतात रे!"

मुलगा खरोखर वरमला. त्याने तक्रार मागे घेतली, पत्र लिहून माफी मागितली, आणि एवढ्यावर न थांबता मोजेकाकांच्या नावाने एक पार्सल पाठवलं. त्यात बॅटरीवर तापणारे हातमोजे होते. सोबत चिठ्ठी होती: 'काका, आता तुम्हाला कुणाकडे थांबायला नको. सरळ जायचं, काम करायचं, निघायचं.'

असले मोजे मोजेकाकांनी जन्मात पाहिले नव्हते. बटण दाबलं की बोटांच्या टोकांपर्यंत ऊब. त्या सोमवारी एकशे तीस किलोमीटरच्या फेरीत हात फिरवायला त्यांना एकदाही उतरावं लागलं नाही. इंजिनाला हात लावावा लागला नाही. उजवा हात तर सासुरवासातून सुटलेल्या सुनेसारखा खूश. पंचावन्न वर्षांच्या थंडीवर औषध सापडलं म्हणून ते वाटेत मोठ्याने गायलेसुद्धा.

दार बाईंनीच उघडलं. "या या, बदनाम माणूस!" टेबलावर पातेलं होतं, वाफ येत होती, कोडं उघडून ठेवलं होतं. मोजेकाकांनी मोजे काढले. बाईंनी त्यांच्या बोटाला बोट लावून पाहिलं. "अगं बाई, हे तर भट्टीतून काढल्यासारखे! पोराने एक काम तरी धड केलं." मग त्यांनी मुकाट्याने बाही वर केली. गरम बोटाला शीर लगेच लागली. नळी भरली, कापूस दाबला, पट्टा सुटला. तीन मिनिटं. पेटीतला बर्फ वितळायच्या आत निघायचं असतं हे बाईंनाही माहीत होतं, आणि थांबायचं कारण मोजेकाकांना सुचेना. बसू का, असं विचारायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. ते दाराशी गेले तेव्हा बाई पातेलं उचलून मोरीत ओतत होत्या.

त्या दिवशी ते वेळेआधी खोलीवर पोचले आणि जाकीट न काढता खाटेवर बसून राहिले. हात अजून गरम होते. त्या गरम हातांचं करायचं काय, हे त्यांना कळेना.

पुढच्या सोमवारी शेवटच्या घराच्या सात किलोमीटर अलीकडे, पुलाच्या तोंडाशी मोजेकाकांनी गाडी थांबवली. तापणाऱ्या मोज्यांचं बटण बंद केलं, ते काढले, नीट घडी करून डिकीत ठेवले. हँडलच्या पिशव्या सोडवल्या. मग उघड्या हातांनी गाडी सुरू केली. पुलावरच्या वाऱ्याने पहिल्या किलोमीटरमध्येच बोटं चावायला सुरुवात केली, तिसऱ्यात डोळ्यांतून पाणी आलं, पाचव्यात क्लच कुठे आणि बोट कुठे ते समजेना. बावीस वर्षांत त्यांनी कधी अशी गाडी चालवली नव्हती. दोनदा उजवा हात खिशाकडे वळू पाहत होता, पण वेग कमी होईल म्हणून त्यांनी तो वळू दिला नाही.

बाईंनी दार उघडलं आणि त्यांच्या पंजाकडे पाहिलं. तो निळसर झाला होता.

"मोजे काय झाले?"

"बिघडले," मोजेकाका म्हणाले.

बाईंनी आत जाऊन पातेल्यात पाणी ठेवलं, गॅस अगदी बारीक केला आणि म्हणाल्या, "बसा. आज जरा वेळ लागेल."