चौधरी सरांच्या बागेचा फोटो

सकाळी लोधीपुऱ्यातल्या माझ्या स्टुडिओचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात चौधरीकाकूंचा फोन आला. "संजू, सर गेले रे… झोपेतच." मग लगेच म्हणाल्या, "पेपरवाले फोटो मागतात. तो मफलरवाला देऊ नको, त्यात ते आजारी दिसतात." मी शटर तसंच धरून उभा राहिलो. रडू येत होतं आणि हसूही. दीड महिना झाला, अजून तसंच होतं.

सर मला शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी चांदनी स्टेशनाजवळ वानखेडे नावाच्या चित्रकाराचं शेतातलं घर विकत घेतलं आणि तिथे बसून लेख लिहू लागले. प्रत्येक लेखात बाग असायचीच. चित्रकाराने लावलेली जाई, मोगऱ्याचे वाफे, टाक्यातली कमळं… वाचक पत्रं पाठवून कलमं मागायचे. प्रत्यक्षात तिथे काकूंची वांगी, मिरच्या, मेथी आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याची केळी होती. सरांना मेथी आणि गवत यांतला फरक सांगता आला नसता.

मग एका दिवाळी अंकाने लेखकाच्या घराचे, बागेचे फोटो मागितले. सर स्टुडिओत आले, दार लावून घेतलं आणि कबुली दिली. घर घेताना बैठकीत बागेचं मोठं चित्र टांगलेलं होतं. "ही इथलीच," असं वानखेडे म्हणाले होते, आणि सरांनी मागे जाऊन पाहिलंच नव्हतं. सर दोन महिन्यांनी, भर उन्हाळ्यात राहायला गेले, तर सगळं उजाड. "माझ्यामुळे मेली रे ती बाग. एका कलावंताची बाग! लाजेपोटी मी तिला लेखात जिवंत ठेवली."

सरांचा चेहरा पाहून मीच उपाय काढला. नर्सरीतून संध्याकाळपर्यंतच्या बोलीवर पंधरा कुंड्या आणल्या आणि वांग्यांच्या मधोमध मातीत गळ्यापर्यंत पुरल्या. काकू खुरपं घेऊन बाजूला उभ्या. "माझ्या एका रोपाला धक्का लागला ना, तर तुमचाच फोटो भिंतीवर लावीन!" सर झारी घेऊन असे उभे राहिले, जणू वर्गाला दांडी मारताना पकडला गेलेला पोरगा.

आता माझा पराक्रम. जुना मालकही फोटोत असावा म्हणून मी सरांना न सांगता वानखेडेकाकांना खंडव्याहून बोलावलं होतं. ते गाडीने चांदनीला उतरले आणि थेट फाटकातून आत आले. सरांच्या हातून झारी पडली. ते हात जोडून म्हणाले, "माफ करा, मी तुमची बाग मारली."

वानखेडेकाका कुंड्यांकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "कोणती बाग, सर? इथे तर एरंड होता. मतलब… बाग मी फक्त चित्रात लावली होती. घराला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून ते चित्र टांगलं. तुमचे लेख वाचून मलाच वाटायला लागलं, की असेल बुवा एखादी जाई. तेच बघायला आलो."

काकूंनी खुरपं खाली टाकलं. "म्हणजे दोघांनी मिळून सात वर्षं माझ्या वांग्यांना मोगरा म्हटलं!" आणि त्या बांधावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

कुंड्या परत गेल्या. अंकात छापला तो फोटो वांग्यांचा. मधे काकू, दोन्हीकडे दोन म्हातारे, माना खाली घातलेले. सरांनी लेखही नव्याने लिहिला, 'ही बाग माझ्या पत्नीची आहे.' तोवर एकाही लेखात काकू नव्हत्या, आणि काकूंनीही त्यांचा एकही लेख वाचला नव्हता. हा वाचला. वाचून म्हणाल्या, "वांग्याला पाणी रोज नसतं देत. बदला ते." तेव्हापासून रोज संध्याकाळी सर वाफ्याशेजारी खुर्ची टाकून लिहिलेलं मोठ्याने वाचायचे आणि काकू गवत निंदता निंदता चुका काढायच्या. सर कुरकुरायचे, पण काकूंनी पास केल्याशिवाय पान पोस्टात जायचं नाही.

परवा भेटायला गेलो. काकू वाफ्यात होत्या. खुर्ची तिथेच होती, तिच्यावर दगडाखाली काही पानं. "शेवटचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "वाच. पण सावकाश, ते फार पळवायचे." मी बसलो आणि वाचू लागलो. दुसऱ्या पानावर सरांनी लिहिलं होतं, की आज मी स्वतः मेथी निवडली.

खुरपं थांबलं.

"खोटं," काकू म्हणाल्या. मग खुरपं पुन्हा चालवत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "…असू दे. पुढे वाच."