सोळा डिसेंबरचा हलवा

रिकामं भांडंसुद्धा ती झाकून ठेवायची. सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटायची. बाजारात घासाघीस बांगलात, पुटपुटणं मात्र उर्दूत. पानाचा उरलेला चुना दाराच्या चौकटीला पुसायची. कुणी निघालं की "जा" म्हणायची नाही. "आलास की सांग," म्हणायची. माणूस नुसता चहाला निघालेला असला तरी.

सबीहा खाला परवा गेली.

ढाक्यात मिरपूरच्या बिहारी कॅम्पात, फाळणीत बिहारकडून आलेल्या उर्दू बोलणाऱ्यांच्या वस्तीत, तिची एक खोली होती. रस्त्याच्या अलीकडे आमची इमारत. ती साड्यांवर टिकल्या लावायची. बांगला साहित्याची पदवी घेऊन मी घरी बसलो, तेव्हा तिने मला तिच्या खोलीत बसू दिलं. "काहीतरी मोठ्याने वाच," म्हणायची. "कळलं नाही तरी चालेल. हात चालतो."

दर सोळा डिसेंबरला, विजय दिवशी, गल्लीत पताका लागायच्या, कर्ण्यावर गाणी लागायची आणि खालाच्या खोलीतून रव्याचा हलवा निघायचा. कॅम्पात, आमच्याकडे, मोतालेब भाईच्या चहाच्या टपरीवर, गल्लीतल्या पोरांच्या क्लबात. क्लबची पोरं बोटं चाटत म्हणायची, "बिहारी असून खाला आपल्यापेक्षा पक्की बांगलादेशी." खाला ऐकून घ्यायची. कॅम्पातले लोक हलवा तोंडात घालण्याआधी हात उचलून काही पुटपुटायचे. आमच्यापैकी कुणी ते कधी नीट पाहिलं नाही.

गेल्या वर्षी डिसेंबर लागताच चॅनेलचा एक मुलगा आला. टपरीवर फोन पुढे धरून एकेकाला विचारू लागला, एकाहत्तरचं युद्ध म्हटलं की काय आठवतं?

"उवा," मोतालेब भाई म्हणाला. "आम्ही पळून आगरतळ्याला गेलो. छावणीतल्या सगळ्या उवा माझ्याच डोक्यात."

"म्हणून टक्कल पडलं होय," खाला म्हणाली. "मला वाटलं, बायकोने केलं."

सगळे हसले. क्लबचा सेक्रेटरी तेव्हा जन्मलाही नव्हता. तो "विजय" म्हणाला आणि केस सारखे केले. माझ्या आईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "दाराची कडी," ती म्हणाली. "माझ्या वडिलांना न्यायला आले त्यांनी कडी वाजवली होती. ओळखीचेच होते." न्यायला आलेले पाकिस्तानी फौजेला मिळालेले बिहारी होते, हे ती बोलली नाही. खाला शेजारीच उभी होती.

मग फोन खालाकडे वळला.

"झाकलेलं ताट," ती म्हणाली. "सोळा तारीख. अब्बा सकाळी छापखान्यात गेले. संध्याकाळी लांबून बंदुकांचे आवाज, लोकांचा जल्लोष. अम्मीने ताट वाढून झाकून ठेवलं. अब्बा आलेच नाहीत. कुठे मारलं, कधी मारलं, कुणी सांगितलं नाही. मरणाची तारीखच नाही, तर त्यांच्या नावाने फातेहा वाचून गोड कधी वाटायचं? ताट झाकलं ती तारीख धरली. म्हणून हलवा करते."

मुलाने चॅनेलवर तेवढाच तुकडा टाकला. वर लिहिलं, विजय दिवशी बिहारी बाईचा शोक. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या फोनवर होता.

क्लबची पोरं तिच्या दारात आली. हात कुणी उगारला नाही. सेक्रेटरी म्हणाला, "इतकी वर्षं आमच्या आनंदाच्या दिवशी आम्हाला मयताचं खाऊ घातलंत, खाला?"

"अब्बांचं खाऊ घातलं."

"कुणाच्या बाजूचे होते तुमचे अब्बा?"

"खिळे जुळवायचे. बांगलाचे पण आणि उर्दूचे पण."

त्या सोळाला ताटल्या परत आल्या. टपरीवरून आली, क्लबातून आली. कॅम्पातल्या लोकांनी तर भीतीने दारंच उघडली नाहीत. आईने आमची ताटली ठेवून घेतली. खाल्लं नाही. हलवा खिडकीत कावळ्यांपुढे ठेवला. "मेलेल्या माणसाचं परत पाठवू नये," एवढंच म्हणाली.

वाटल्याशिवाय फातेहा मेलेल्या माणसाला पोचत नाही, असं खाला मानायची. वर्षभर तिच्या डोक्यात तेवढंच होतं. "अब्बा उपाशी राहिले, बेटा," म्हणायची. "यंदा कुणी खाईल का?"

"मी खाईन."

"एकट्याने खाल्लेला पोचत नाही."

मी मोतालेब भाईला विचारलं. तो बराच वेळ केटली घासत राहिला. "सतराला कर म्हणावं," तो शेवटी म्हणाला. "सतराला मी टपरीवर ठेवतो, येईल त्याला देतो. एका दिवसाने काय बिघडतं?"

खालाला सांगितलं तेव्हा ती हसली. "केस गेले तरी डोकं शाबूत आहे त्याचं." मग टिकल्या लावत राहिली. मी उठल्यावर म्हणाली, "पण ताट सोळाला झाकलं होतं, बेटा."

मी दारात चपला घातल्या.

"आलास की सांग," ती म्हणाली.

सोळाच्या सकाळी तिच्या शेजारणीने मला हाक मारली. खाला स्टोव्हपाशी भिंतीला टेकून बसली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय.

पताका इतक्या खाली होत्या की जनाज्याची खाट वाकून न्यावी लागली. कर्णा कुणीतरी बंद केला. मोतालेब भाईने खांदा दिला. क्लबची पोरं भिंतीला लागून उभी राहिली. आई आमच्या दारापर्यंत आली, पुढे आली नाही.

खालाची तारीख सगळ्यांना माहीत आहे.

परत आल्यावर मी तिच्या खोलीत गेलो. हंडा झाकलेला होता, पेला झाकलेला होता. कढई तेवढी उघडी होती. रवा खाली तांबूस झाला होता, वर पांढराच होता. उलथनं त्यातच होतं. शेजारी साखरेची पुडी, दोरा न सोडलेली.